नागपूरच्या उन्हात टिकेल असा कार्बन मास्ट कोणता घ्यावा? (विंडसर्फिंग)

झुळूक_नागपूर | १४ एप्रिल, रात्री १०:५०

मंडळी नमस्कार, बरेच महिने वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढून राहिलो तर चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही चार टाळकी रामटेकजवळ खिंडसीला विंडसर्फिंग करतो. म्हणजे वारा आला तर करतो, नाहीतर काठावर बसून डब्यातले तर्रीपोहे खातो आणि समोरच्या झाडाची पानं हलतात का ते बघतो. मागच्या रविवारी दुपारी साडेतीनला झकास वारा सुटला, पाण्यात उतरलो, दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीत एक झोत आला आणि कडाक्. उडी नाही, आपटणं नाही, काही नाही. मास्ट मधोमध वाकडा आणि मी पाण्यात. बोर्डावर पालथा पडून हातांनी वल्हवत काठाला यायला पाऊण तास लागला आणि वरून मित्रांनी त्याचा व्हिडिओ काढला तो वेगळाच.

माहिती अशी: माझं वजन ८४, सेल ७.८ चौरस मीटर, फ्रीराइड (मौजेखातर फिरायचा), विनाकॅमचा (कॅम म्हणजे सेलला मास्टवर धरणारे चिमटे). सेलवर छापलंय लफ (सेलची पुढची कड) ४७८ सेंमी, मास्ट ४६०, आयएमसीएस (मास्टच्या ताठपणाचा आकडा) २५. तुटलेला मास्ट एसडीएम (जाड व्यासाचा), सी-१०० (शंभर टक्के कार्बन), दोन वर्षांपूर्वी गोव्याहून सेकंडहँड घेतलेला. आता डोक्यात गोंधळ आहे. परत सी-१०० घ्यावा की कमी कार्बनचा पण दणकट? आरडीएम, म्हणजे बारीक व्यासाचा, घ्यावा का? एक मित्र त्याच्याकडचा ४९० फुकट देतो म्हणतो, तो चालेल का? बजेट विचारू नका, बायकोला सांगितलेलं वेगळं आहे आणि खरं वेगळं.

महालचा_मोरू | १४ एप्रिल, रात्री ११:१२

अबे भाऊ, खिंडसीत असं काही चालते हे आजच समजलं, आमाले त पेडल बोट आन् भजे एवढंच माहीत. हे मास्ट मंजे नेमकं काय असते बावा? आन् तुटलं त तुटलं, आपल्या गडचिरोलीचा बांबू लावा ना, पोलिसाच्या हातात तोच असते, कई तुटला का?

पेठेतला_पोपट | १५ एप्रिल, सकाळी ७:०५

मराठीत त्याला डोलकाठी म्हणतात आणि सेलला शीड. शब्द आहेत तर वापरा की.

झुळूक_नागपूर | १५ एप्रिल, सकाळी ९:४०

पोपटराव, वापरले असते, पण डोलकाठी उभी राहते आणि ही काठी वाकण्यासाठीच केलेली आहे. शिडाच्या पुढच्या कडेला लांब पिशवीसारखी बाही असते, तिच्यात मास्ट घालायचा, खालून पुलीतल्या दोरीनं डाउनहॉल ओढायचा, मग मास्ट धनुष्यासारखा वाकतो आणि शिडाला आकार येतो. पाण्यात उतरायच्या आधीच तो ताणलेला असतो. दुकानदाराला डोलकाठी द्या म्हटलं तर तो मला तारकर्लीला पाठवेल.

मोरूभाऊ, हसू नका, पण मानवेल बांबू आम्ही लावून पाहिलाय. तीन वर्षांपूर्वी, जुन्या ५.५ च्या सेलला. भरीव असतो म्हणून तुटला नाही, पण प्रत्येक पेराला वेगळाच वाकतो आणि पाण्यातून सेल वर ओढताना कंबर जाते. दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकली होती.

दर्यावर्दी | १५ एप्रिल, दुपारी १:२०

डोळे झाकून आरडीएम घ्या. मी १५ वर्षं समुद्रावर आहे, लाटेनं मास्ट वाळूत उभा रोवलेला पाहिलाय आणि आरडीएम तिथून हसत बाहेर येतो. एसडीएमची भिंत अंड्याच्या टरफलासारखी असते, बोर्डावर आपटला की तडा. टिकाऊ हा शब्द वापरलात ना, मग प्रश्नच मिटला.

वैनगंगा | १५ एप्रिल, दुपारी ३:३०

दादा, समुद्रावरचं गणित तलावावर लावू नका. तुमची सेल ४.७ आणि ५.३ ची असणार. विदर्भातला वारा म्हणजे सरकारी काम, आला तर आला, त्यामुळे इथे ७.५ च्या खालची सेल वर्षातून मोजून काही दिवस निघते. मोठ्या फ्लॅट वॉटर सेलला एसडीएम हलका पडतो आणि पटकन सरळ होतो. लाटा नाहीत तर लाटांसाठीचं चिलखत कशाला? ४६० मध्ये आरडीएम बनतात, मी स्वतः विनाकॅमच्या ७.५ ला वापरते आणि तक्रार नाही, पण मोठ्या कॅमवाल्या सेलला नको, कॅम एसडीएमच्या जाडीचे असतील तर ते नीट बसतच नाहीत.

झुळूकभाऊ, ४९० घेऊ नका, फुकट असला तरी. ४६० चा आयएमसीएस साधारण २५ असतो, ४९० चा २९. हा आकडा म्हणजे मास्टला दोन्ही टोकांना टेकू द्यायचा, मध्ये ३० किलो लटकवायचे आणि किती झुकतो ते मोजायचं, त्यावरून काढतात. तुमची सेल २५ साठी शिवलीय. २९ वर तिचं पोट नीट सपाट होणार नाही, वरची कड मोकळी होणार नाही, मग तुम्ही आणखी डाउनहॉल ओढाल, तरी होणार नाही, आणि शेवटी दोरी नाहीतर सेल जाईल. वरून टोक बाहेर येईल ते वेगळं. उलट बाजूनं ४३० घेतला तर एक्स्टेन्शन (लांबी वाढवायला मास्टच्या तळाला घालतात ती नळी) ४८ सेंमी लागेल, ते फार झालं, सगळा जोर तळाशी येतो. ४६० अधिक १८, बास.

झुळूक_नागपूर | १५ एप्रिल, संध्याकाळी ७:१५

धन्यवाद ताई. ४९० वाल्याला नाही म्हणून सांगितलं, तो म्हणे मग कूलरची वायर टांगायला वापरतो.

कार्बनकाका | १५ एप्रिल, रात्री ९:५५

सगळे काय घ्यायचं ते सांगताहेत, काय झालं ते कोणी विचारलं नाही. मी बुटीबोरीला कंपोझिटच्या, म्हणजे धागे रेझिनच्या राळेत बसवून वस्तू बनवायच्या, कामात २२ वर्षं काढली, मास्ट नाही बनवले पण नळ्या ढिगानं बनवल्या आणि त्याहून जास्त तोडल्या. मास्ट नेमका कुठे तुटला? जोडाशी (मास्टचे दोन तुकडे जुळतात तिथे), बूमपाशी (हातात धरायचा आडवा दांडा) की तळाशी? तुटलेल्या कडा कशा दिसतात? सेलकडची बाजू आणि पुढची बाजू, दोन्हीचं वर्णन द्या.

तोवर एक गैरसमज काढून टाकतो. सी-१०० म्हणजे सर्वात मजबूत आणि सी-४० म्हणजे गरिबाचा, असं लोकांना वाटतं. तो आकडा फक्त एवढंच सांगतो की धाग्यांमध्ये कार्बन किती टक्के, बाकी काचेचा धागा. कार्बनचा धागा काचेच्या मानाने साधारण तिप्पट ताठ आणि वजनाला हलका, त्यामुळे तेवढाच ताठपणा कमी मालात मिळतो, नळी हलकी होते, झोत गेल्यावर झटकन सरळ होते. पण कमी माल म्हणजे पातळ भिंत. शिवाय कार्बनचा धागा दीड-दोन टक्के ताणला की तुटतो, काचेचा साडेचार टक्क्यांच्या आसपास सहन करतो. म्हणजे नुसतं वाकवायला सी-१०० उत्तम, पण ठेच, ओरखडा, क्लॅम्पचा आवळा, कॅरिअरवरचा पट्टा यांना तो हळवा. काचेचा अंश असलेला मास्ट जड आणि सुस्त, पण मार खातो.

आरडीएमचंही तेच. नळीचा ताठपणा त्रिज्येच्या घनात वाढतो. एसडीएमचं तळाचं भोक ४८ मिमी, आरडीएमचं ३२. व्यास एवढा उतरवला तर ताठपणा राखायला भिंत जाड करण्याशिवाय इलाज नाही. दर्यावर्दी म्हणतात तो दणकटपणा त्या जाड भिंतीचा आहे.

महालचा_मोरू | १५ एप्रिल, रात्री १०:०८

काका आले, आता पॉपकॉर्न घेऊन बसतो. एक इचारू का, या खेळात भारताले मेडल गिडल आहे का काही?

दर्यावर्दी | १५ एप्रिल, रात्री १०:३०

आहे की. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये एबाद अलीनं आरएस:एक्स प्रकारात ब्राँझ आणलं. ऑलिम्पिकमध्ये विंडसर्फिंग १९८४ पासून आहे आणि २०२४ ला पॅरिसमध्ये आरएस:एक्सच्या जागी फॉइलवालं (पाण्याखालच्या पंखानं बोर्ड वर उचलणारं) आयक्यूफॉइल आलं.

झुळूक_नागपूर | १६ एप्रिल, सकाळी ८:२०

काका, रात्री टॉर्च लावून नीट बघितला. जोडापासून बराच खाली, बूम लागतो तिथेच तुटलाय, सेलच्या बाहीला जिथे खिडकी असते त्या जागी. सेलकडच्या बाजूला चुरगळल्यासारखी आडवी घडी पडलीय, पुढच्या बाजूला लांब लांब धागे फाटलेत. तिथे मास्टवर वीतभर पांढरा पट्टा आहे, घेतला तेव्हापासूनच होता, विकणारा म्हणाला उन्हासाठी कंपनीनंच मारलेला रंग आहे.

कार्बनकाका | १६ एप्रिल, सकाळी ८:४५

आणि वारा साडेतीनला आला. रिग कधी केलं होतं, म्हणजे मास्ट-सेल जोडून कधी ताणलं होतं?

झुळूक_नागपूर | १६ एप्रिल, सकाळी ८:५२

अकराला 😐 पूर्ण डाउनहॉल ओढून. वारा आला की लगेच उतरता यावं म्हणून.

कार्बनकाका | १६ एप्रिल, सकाळी ९:३०

म्हणजे एप्रिलच्या नागपूरच्या उन्हात साडेचार तास, ताणलेल्या धनुष्यासारखा. आपण कांदा खिशात ठेवून फिरतो आणि मास्ट उघडा टाकतो.

आता नीट ऐका. वाकलेल्या नळीची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. ताणाला धागे स्वतः उभे राहतात. दाबाला धागे एकटे उभे राहू शकत नाहीत, दोऱ्याला दोन्ही टोकांनी दाबून बघा, घडी पडते. त्यांना बाजूनं धरून ठेवतं ते रेझिन. रेझिन गरम झालं की मऊ पडतं, धागे बाजूला सरकतात आणि आडवी घडी पडते. तुमच्याकडे सेलकडच्या बाजूला तीच घडी आहे. बाहीच्या आत मास्टला सावली असते, बूमच्या खिडकीत तो उघडा, काळा, वरून क्लॅम्पचा आवळा, त्यामुळे तीच जागा. सावलीत ४२ असेल तेव्हा काळी वस्तू उन्हात सत्तरीला सहज जाते.

पण एक खटकतंय. कारखान्यात १२० डिग्रीला भट्टीत भाजलेलं प्रीप्रेग (आधीच रेझिन मुरवलेले धागे) साधारण शंभराच्या वर जाईपर्यंत असं मऊ पडत नाही. सत्तरला त्याची ताकद थोडी उतरते, पण दोन फेऱ्यांत तुटावं इतकी नाही. याउलट घरी डब्यातलं रेझिन आणि हार्डनर कालवून, खोलीच्या तापमानाला वाळवलेलं काम ५०-६० डिग्रीलाच लेचंपेचं होतं. तो पांढरा रंग नखानं खरवडा आणि खाली काय दिसतं ते सांगा. मास्क लावा, हातमोजे घाला, कार्बनचा भुसा फुफ्फुसात आणि कातडीत दोन्हीकडे नको.

महालचा_मोरू | १६ एप्रिल, सकाळी ९:४१

हे त सीआयडी होऊन राहिलं बे.

झुळूक_नागपूर | १६ एप्रिल, रात्री ९:१०

काका दंडवत घ्या. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली विणलेलं कापड गुंडाळलेलं, एका जागी तर ब्रशचा केस अडकलाय रेझिनमध्ये!! बाकीच्या मास्टवर असं कापड कुठेच नाही. म्हणजे मला आधीच तुटलेला मास्ट जोडून, रंगवून विकला. दोन वर्षं मी त्याच्यावर बागडत होतो. आणि मजा बघा, पहिली दोन वर्षं आम्ही फक्त पावसाळ्यात आणि थंडीत जात होतो, एप्रिलमध्ये यंदाच पहिल्यांदा गेलो.

कार्बनकाका | १६ एप्रिल, रात्री ९:४०

जोडणं हा गुन्हा नाही, चांगली दुरुस्ती वर्षानुवर्षं टिकते, फक्त ओव्हनमध्ये पोस्ट-क्युअर, म्हणजे भाजून पक्की, करावी लागते आणि गिऱ्हाइकाला सांगावी लागते. पांढऱ्या रंगानं फसलात यात तुमचा दोष नाही, नव्या मास्टवरही काही कंपन्या बूमच्या जागी खरंच फिकट रंग देतात, ऊन परतावं म्हणून.

वैनगंगा | १७ एप्रिल, सकाळी ११:१५

सेकंडहँड घेताना मी काय करते ते लिहिते, कोणाला उपयोग झाला तर झाला. दोन्ही तुकडे वेगळे करायला लावायचे, विकणारा जोडलेलाच दाखवत असेल तर समजून घ्या की जोड अडकलाय. दहाचं नाणं घेऊन वरपासून खालपर्यंत टिचकवत जायचं, टण् टण् टण् करत मध्येच थप् असा मेलेला आवाज आला की तिथे आतले थर सुटलेत. मोबाइलचा टॉर्च नळीत घालून आतून बघायचं. बूमच्या जागी बोट फिरवायचं, खळगा लागला तर क्लॅम्प फार आवळलाय. मग जोड लावून बघायचा, तो शेवटपर्यंत बसलाच पाहिजे, अर्धा सेंमी फट राहिली तरी वाकताना सगळा जोर जोडाच्या कडेवर येतो आणि तिथून फाटतो. मी जोडाला दरवेळी वीजवाल्यांची इन्सुलेशन टेप गुंडाळते, वाळूचा कण आत जात नाही. आणि वरचा तुकडा एका कंपनीचा, खालचा दुसरीचा, असली खिचडी घ्यायची नाही, वाकण्याचं गणित बिघडतं.

वाकण्यावरून आठवलं, आयएमसीएस जुळला म्हणजे झालं असं नाही. पाव लांबीवर खाली किती झुकतो आणि वर किती झुकतो यावरून मास्टची कर्व्ह ठरते. कोणाचा शेंडा लवचीक, कोणाचा कडक, कोणाचा सगळीकडे सारखा. नीलप्राइडचे जुने मास्ट लवचीक शेंड्याचे असायचे, ते कडक शेंड्यासाठी शिवलेल्या सेलला लावले की सेल विचित्रच वागते. तुमच्या सेलवाल्या कंपनीचाच घ्या, नाहीतर युनिफायबरसारखे लोक कर्व्ह कोणत्या ब्रँडला जुळते ते लिहून देतात, त्यावरून जुळवा.

अजून एक, विषय थोडा सोडून. कार्बन वीज वाहून नेतो. मास्ट खांद्यावर घेऊन विजेच्या तारांखालून जाऊ नका आणि जूनमध्ये आपल्याकडे ढग गडगडायला लागले की सरळ काठावर या, रिग खाली टाका आणि त्याच्यापासून लांब व्हा. पाच मीटरचा अँटिना हातात धरल्यासारखं आहे ते.

दर्यावर्दी | १७ एप्रिल, दुपारी २:००

ताईंशी बाकी सगळं सहमत, +१. फक्त आरडीएमचं माझं मत बदललेलं नाही :) ८४ किलोचा माणूस, विनाकॅम ७.८, काठावर दगड, चार मित्र मिळून गाडीवर लादणार. मार बसणारच. सी-७०, सी-८० आरडीएम घ्या आणि विसरून जा.

कार्बनकाका | १७ एप्रिल, रात्री १०:२०

सी-७० ते सी-८० हे मलाही पटतं. सी-१०० नवा घेतलात तर दोन-तीनशे ग्रॅम वाचतील, ते तुम्हाला जाणवतीलही, पण नवा सी-१०० कॅरिअरवर घेऊन रामटेकच्या रस्त्यावरचे खड्डे मोजत जाणं मला तरी झेपणार नाही. एसडीएम की आरडीएम ते तुमचं तुम्ही ठरवा. पैसे आणखी एका ठिकाणी घाला, रुपेरी कापडाची पिशवी. बंद गाडीत, गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. रिग लवकर करायचंच असेल तर दोरी सैल सोडून ठेवा, बूमच्या जागी ओला पंचा गुंडाळा, वारा दिसला की ओढा. दोन मिनिटांचं काम आहे. पंचा वाळला म्हणजे तुम्हालाही पाणी प्यायची वेळ झाली.

महालचा_मोरू | १७ एप्रिल, रात्री १०:३५

वाचनखूण साठवली. मायाकडे मास्ट नाई पण पंचा आहे.

झुळूक_नागपूर | १९ एप्रिल, सकाळी ७:५०

अपडेट देतो. जवळपास ठरलं होतं. सी-७५ एसडीएम ४६०, कारण माझा बूम आणि एक्स्टेन्शन दोन्ही एसडीएमचे आहेत, आरडीएम घेतला तर बूमला शिम (फट भरायची पट्टी) लागेल आणि एक्स्टेन्शन नवं घ्यावं लागेल, खर्च वाढतो. वरचा तुकडा शाबूत आहे म्हणून त्याच मॉडेलचा फक्त खालचा तुकडा मिळतो का ते पण विचारलं, पण ते मॉडेल बंद झालंय.

आणि काल तुटलेल्या तुकड्यातून एक्स्टेन्शन काढायला गेलो तर ते निघतच नाहीये. दोघांनी ओढलं, पायानं धरून ओढलं, डब्ल्यूडी-४० मारलं, रात्रभर ठेवलं, काही नाही. कडेला पांढरी पावडर जमलीय.

कार्बनकाका | १९ एप्रिल, सकाळी ९:०५

गोव्याचं मीठ बोलतंय. ॲल्युमिनियम आणि कार्बन खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की बॅटरी तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी पावडर त्याचीच. ती फुगते आणि पाचरीसारखी अडकते. खिंडसीचं पाणी गोडं आहे, पण मीठ आधीपासून आत बसलेलं, तुम्ही दोन वर्षांत एकदाही एक्स्टेन्शन काढून आतून धुतलं नसणार.

झुळूक_नागपूर | १९ एप्रिल, सकाळी ९:११

धुवायचं असतं का?

कार्बनकाका | १९ एप्रिल, सकाळी ९:१४

🤦

वैनगंगा | १९ एप्रिल, सकाळी १०:००

ओढू नका, पिळा. मास्टवर एक बूम क्लॅम्प करून एका बाजूला फिरवायचा, एक्स्टेन्शनला पट्टापाना लावून दुसऱ्या बाजूला. अडकलेला जोडही असाच सोडवतात, दोन बूम घेऊन. त्याआधी कोमट पाण्यात भिजवा, मीठ आणि पावडर जरा सुटते. तुकडा तुटलेलाच आहे, त्याची काळजी नाही, एक्स्टेन्शन वाचवा.

दर्यावर्दी | १९ एप्रिल, सकाळी १०:२५

नाही निघालं तर एक्स्टेन्शन नवंच घ्यावं लागणार, आणि नवंच घ्यायचं तर मग... आरडीएमचं घ्या :) बाहेरून कॉलर चढवली की तेच एसडीएमलाही चालतं, उलटं चालत नाही.

झुळूक_नागपूर | १९ एप्रिल, सकाळी १०:४०

म्हणजे एसडीएम की आरडीएम हे आता त्या गंजलेल्या नळीवर अवलंबून आहे. ऑर्डर थांबवली.

कार्बनकाका | १९ एप्रिल, सकाळी ११:१०

रविवारी सकाळी आठला तुकडा घेऊन माझ्याकडे या, धरमपेठेत, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. व्हाइस आहे, पट्टापाना आहे, हॅकसॉ पण आहे, नळी उभी चिरू. बूम आणि पोहे तुम्ही आणा.

महालचा_मोरू | १९ एप्रिल, सकाळी ११:१३

तर्री जास्त आणजा. मी बी येतो, पिळाले माणूस लागनच.